वाचक विचारतात : जपानची गाडी, आफ्रिकेचा रस्ता

पूर्व आफ्रिकेत नोकरी-धंद्यासाठी निघालेल्या किंवा तिथे स्थायिक झालेल्या मुंबई परिसरातल्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेकांचा विषय एकच आहे : जपानहून येणारी वापरलेली एसयूव्ही.

प्रश्न : कंपनीने तीन वर्षांसाठी नैरोबीला बदली केली आहे. ऑफिस घरापासून सहा-सात किलोमीटरवर, पण सुट्टीत कुटुंबाला घेऊन अभयारण्यांत फिरायचे आहे. जपानहून थेट टोयोटा प्राडो डिझेल मागवावी म्हणतो. एजंट म्हणतो, डोळे मिटून घ्या. घेऊ का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : डोळे उघडे ठेवून घ्या, आणि डिझेलचा पुन्हा विचार करा.

आधी नियम पाहू. केनियात उजव्या स्टिअरिंगचीच गाडी आयात करता येते आणि पहिल्या नोंदणीपासून ८ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. २०२५ साली ही मर्यादा २०१८ च्या नोंदणीवर होती; दर १ जानेवारीला ती एक वर्ष पुढे सरकते. त्यामुळे मर्यादेच्या काठावरची गाडी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मागवू नका. जहाज लांबले आणि गाडी केनियाच्या मोंबासा बंदरात जानेवारीत उतरली, तर ती अडकते. जहाजात चढण्याआधी जपानमध्येच तपासणी करून प्रमाणपत्र घ्यावे लागते. करही तुम्ही मोजलेल्या किमतीवर बसत नाही. तिथले कर खाते प्रत्येक मॉडेलची स्वतःची किंमत-यादी ठेवते आणि त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करून कर लावते. जपानमधल्या लिलावात गाडी स्वस्त पडली म्हणून कर कमी होईल, हा हिशेब इथेच चुकतो.

आता इंजिन. जपानी बाजारात प्राडोचे जुने ३.० लिटर डिझेल २००७ मध्ये बंद झाले. २०१५ मध्ये डिझेल परत आले ते २.८ लिटर १जीडी इंजिन घेऊन. आपल्या २०१६ नंतरच्या फॉर्च्युनरमध्ये याच कुळातले इंजिन आहे. मात्र जपानी प्राडोत त्याच्या जोडीला धूर गाळणारा डीपीएफ आणि युरियाच्या द्रावणावर, म्हणजे ॲडब्लूवर, चालणारी यंत्रणाही आहे. डीपीएफमध्ये काजळी साठते आणि सायलेन्सर पुरेसा तापला की ती जळते. रोज सहा किलोमीटर ट्रॅफिकमध्ये चालवलेली गाडी तेवढी तापतच नाही. जाळण्याचा प्रयत्न अर्धवट राहतो, जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी चढलेली दिसते. ऑइल कमी होण्याऐवजी वाढले, तर खूश होऊ नका. ते पातळ झालेले आहे, लगेच बदला. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा आणि बुरुंडी यांनी २०१५ पासून ५० पीपीएम (दहा लाख भागांत ५० भाग) गंधकाचे डिझेल स्वीकारले आहे. जपानमधले १० पीपीएमचे असते. पंप चांगला असेल तर ५० वर गाडी चालते, पण गल्लीबोळातले स्वस्त डिझेल टाळाच. तुमच्यापुढचा मोठा धोका गंधकाचा नसून आखूड फेऱ्यांचा आहे.

ॲडब्लू संपत आले की पडद्यावर सूचना येते आणि किती किलोमीटर उरले तो आकडा उतरू लागतो. शून्यावर पोहोचल्यावर गाडी एकदा बंद केली, की पुन्हा स्टार्ट होत नाही. ही सूचना जपानी लिपीत येते, म्हणून अनेक जण ती आठवडाभर नुसती बघत राहतात. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून सगळ्या सूचनांचे अर्थ पहिल्याच दिवशी कागदावर लिहून ठेवा. टाकीत पाणी किंवा शेतीचा युरिया विरघळवून ओतू नका. इंजेक्टरवर खडे धरतात.

तुमच्यासारख्या वापराला २.७ लिटर पेट्रोल, म्हणजे २टीआर इंजिन, बरे. टायमिंगला बेल्टऐवजी चेन आहे, टर्बो नाही, डीपीएफ नाही आणि नैरोबीतल्या कुठल्याही गॅरेजला ते ठाऊक आहे. उणीव एवढीच की नैरोबी सुमारे १,८०० मीटरवर आहे. पातळ हवेत टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. १६३ हॉर्सपॉवरच्या इंजिनाकडे तिथे १३०-१३५ उरतात आणि गाडी दोन टनांची. ओव्हरटेक करताना कसारा घाटात भरलेली गाडी जशी मागे ओढते, तसे वाटेल. ते गृहीत धरूनच चालवा.

‘टीझेड-जी’ या वरच्या मॉडेलला मागे हवेच्या पिशव्यांचे सस्पेन्शन असते. पिशवी फाटली की मागचा भाग बसतो आणि सुटा भाग महाग पडतो. साध्या स्प्रिंगची ‘टीएक्स’ घ्या.

तिथलीच वापरलेली गाडी घेण्याचा पर्यायही वाईट नाही. मात्र वाहतूक प्राधिकरणाच्या ऑनलाइन शोधात मालकाचे नाव आणि कर्जाचा बोजा तपासा, मूळ लॉगबुक, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, पाहा आणि हस्तांतर तुमच्या नावावर होईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. नोंदणीसाठी तिथला करदाता क्रमांक लागतो, तो आधी काढा.

प्रश्न : लिलावाचा कागद दाखवून एजंट ‘ग्रेड ४’ सांगतो. एवढ्यावर विश्वास ठेवावा का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : ग्रेड म्हणजे एकूण गोळाबेरीज. खरी माहिती गाडीच्या आकृतीवरच्या खुणांत असते. रोमन ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून रंगवलेला पत्रा, एस म्हणजे गंज, सी म्हणजे खाऊन गेलेला पत्रा, एक्सएक्स म्हणजे बदललेला भाग. अक्षरापुढचा आकडा जितका मोठा, तितका दोष मोठा. ‘आर’ किंवा ‘आरए’ ग्रेड म्हणजे अपघातानंतर दुरुस्त झालेली गाडी. किलोमीटरच्या आकड्याशेजारी चांदणी असेल, तर तो आकडा खात्रीचा नाही असे धरा.

गंजाकडे जास्त बघा. उत्तर जपानमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. वरून आरशासारखी चमकणारी गाडी खालून पोखरलेली असू शकते. चेसिसची मागची टोके, ब्रेकच्या नळ्या आणि स्प्रिंगच्या बैठका यांचे फोटो वेगळे मागवा. खालून ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर तो का मारला ते विचारा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर ‘स्टडलेस’ म्हणजे बर्फाचे असतील, तर नक्षी नवी दिसली तरी बदला. तो मऊ रबर तापलेल्या डांबरावर टिकत नाही आणि ओल्या रस्त्यावर लांब घसरतो. नव्या पाच टायरांचे पैसे पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा, पाचवा स्टेपनीचा.

प्रश्न : यजमान टांझानियात मोरोगोरोजवळ शेतीच्या प्रकल्पावर आहेत. जुनी ३.० डिझेल प्राडो आहे, रोज कच्च्या रस्त्यावर पन्नास किलोमीटर. गॅरेजवाला पुस्तकाप्रमाणे सर्व्हिस करतो, तरी दर दोन महिन्यांनी काही ना काही निघतेच. काय चुकते आहे?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, पुस्तक जपानच्या रस्त्यांसाठी लिहिलेले आहे. यजमानांचा रस्ता लाल मुरमाचा. तिथेही त्याला जवळजवळ याच उच्चाराने ‘मरम’ म्हणतात. कोकणातल्या जांभ्याच्या वाटेवर उन्हाळ्यात उडणारी धूळ आठवा आणि त्यातून रोज पन्नास किलोमीटर, असा हिशेब करा.

पहिला शत्रू धूळ. एअर फिल्टर दर १,००० ते १,५०० किलोमीटरला उघडून पाहा. हवा मारायची तर आतल्या बाजूने बाहेर आणि कमी दाबाने. बाहेरून जोरात मारली की कागदाला सूक्ष्म भोके पडतात. दोन-तीनदा साफ केल्यावर नवा घाला, फार तर १०,००० किलोमीटरला. प्रत्येक वेळी फिल्टरच्या पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत स्वच्छ बोट फिरवा. बोटाला लाल पूड लागली, तर फिल्टर नीट बसलेला नाही किंवा नळीचा क्लिप सैल आहे. ती पूड पिस्टन-रिंगा घासून काढते आणि नंतर ऑइल जळू लागते. स्नॉर्कल, म्हणजे छताच्या उंचीवरून इंजिनाला हवा देणारी नळी, बसवला असेल, तर त्याचे सांधेही असेच तपासा. बाजारातले बरेच स्नॉर्कल पाण्यापेक्षा धूळच जास्त आत घेतात, कारण सांध्यांना सीलंट नसते.

इंजिन ऑइल आणि फिल्टर दर ५,००० किलोमीटरला, साधारण ७ लिटर. या ३.० लिटरच्या १केडी इंजिनाची एक जुनी खोड गॅरेजवाल्याला आवर्जून सांगा : इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर गळू लागले, की जळका वायू ऑइलमध्ये मिसळतो, काजळीचा राळ बनतो आणि तो ऑइल पंपाच्या जाळीत अडकतो. इंजिनाला ऑइल मिळत नाही आणि ते बसते. थंड असताना ‘टक टक’ किंवा ‘फस फस’ आवाज येत असेल, तर इंजेक्टर काढून वॉशर नवे घाला. राळ दिसली, तर खालचे ऑइलचे चेंबर उतरवून जाळी पाहिल्याशिवाय गाडी देऊ नका. टायमिंग बेल्ट १,००,००० किलोमीटरला बदला. जुन्या गाडीत तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर बदललेलाच नाही असे समजा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

डिझेल फिल्टर १०,००० ला. त्याखालचा नट सैल करून महिन्यातून एकदा पाणी काढा. फिल्टर बदलल्यावर वरचा हातपंप घट्ट लागेपर्यंत दाबा आणि मगच स्टार्टर मारा. हे न करता स्टार्टर मारत बसले, की बॅटरी जाते आणि दोष पंपावर येतो.

दुसरा शत्रू रस्त्यावरच्या सलग बारीक लाटा. थांबलेली गाडी सुटताना खालून ‘टंग’ असा कचका येतो का? प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा, सरकता जोड कोरडा झाला असेल. दोन्ही शाफ्टच्या क्रॉसना आणि सरकत्या जोडाला दर ५,००० ला, पावसाळ्यात दर महिन्याला ग्रीस. सरकत्या जोडात अती भरू नका, शाफ्टला सरकायला जागा उरत नाही. दोन-तीन दाब पुरे. हे वीस मिनिटांचे काम बहुतेक गॅरेजे विसरतात, कारण नव्या मोटारींना ग्रीसचे निपलच नसतात.

अशा रस्त्यावर डांबरावरचीच हवा ठेवून ऐंशीने गेले, तर शॉकअप तापून मरतात, बुश फाटतात आणि बॅटरीची पट्टीसुद्धा तुटते. टायरची हवा २४ ते २६ पीएसआयवर आणा आणि वेग साठच्या आत ठेवा. डांबर लागले की १२ व्होल्टच्या पंपाने दारावरच्या पट्टीत दिलेला दाब पुन्हा भरा. कमी हवेत डांबरावर पळवले तर टायर तापून फुटतो. चाकाचे नट आठवड्याला तपासा, टॉर्क पान्याने ११२ न्यूटन-मीटर. पायाने उभे राहून कसलेले नट पुढे रस्त्यात निघत नाहीत.

रेडिएटरच्या जाळीत गवताचे बी भरते. पाणी इंजिनकडून पुढच्या बाजूला मारा, उलटे मारले तर बी आणखी आत रुतते. कूलंट टोयोटाचा गुलाबीच घाला. विहिरीचे पाणी तात्पुरते घातले असेल, तर आठवड्यात पूर्ण काढून टाका.

पावसात काळी माती असेल तिथे मराठवाड्यात होते तेच होते : टायर गोळा होऊन फिरतो आणि गाडी जागच्या जागी वळते. अशा वेळी न जाणे उत्तम. ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलचे ऑइल पाहा. दुधासारखे दिसले तर त्याच दिवशी बदला.

प्रश्न : धाकट्या भावाने कंपालात २०१४ ची निसान एक्स-ट्रेल पेट्रोल पाहिली आहे. चढावर इंजिन ओरडते पण गाडी उचलत नाही. किंमत कमी करून देतात. घ्यावी?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : हे सीव्हीटीचे, म्हणजे ठरावीक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे, लक्षण आहे. आतला पोलादी पट्टा घसरत असेल, तर ऑइल बदलून तो बरा होत नाही आणि अख्खा गिअरबॉक्स बदलण्याची तयारी ठेवावी लागते. कंपाला टेकड्यांवर वसलेले शहर, तिथे सीव्हीटी सतत तापते. ही गाडी सोडून द्यावी.

तशीच दुसरी पाहायची असेल, तर चाळीस मिनिटे चालवून तापल्यावर परीक्षा घ्या. २० ते ४० च्या वेगात हलकेच ॲक्सिलरेटर देताना थरथर आहे का? चढावर रिव्हर्समध्ये घेताना दम खाते का? दोन्ही ठीक असेल, तरी घेतल्या घेतल्या ऑइल बदला. या गाडीला निसानचे ‘एनएस-३’ सीव्हीटी ऑइलच लागते. साधे ऑटोमॅटिकचे घातले तर पट्टा घसरतो. एका वेळी निम्म्याच्या आसपासच तेल निघते, म्हणून हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदला. चेंबरमधल्या चुंबकांवर राखाडी पेस्ट चालते, पण चकचकीत कण दिसले तर वाईट. पातळी ठरावीक तापमानाला मोजायची असते, म्हणून स्कॅनर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका.

युगांडात २०१८ पासून १५ वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांच्या आयातीला बंदी आहे. दुसरी गाडी बाहेरून मागवायची असेल तर हेही लक्षात असू दे.

प्रश्न : माझीच फॉर्च्युनर न्हावा-शेव्याहून मोंबासाला नेली तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : कायमची न्यायची तर वरचीच आठ वर्षांची अट, तपासणी आणि पूर्ण कर. शिवाय इथे बँकेचा बोजा उतरवून आरटीओकडची नोंदणी रद्द करावी लागेल. भाडे आणि कर धरला, तर तिथली गाडी घेणेच परवडते.

काही महिन्यांच्या प्रवासासाठी न्यायची असेल, तर कारनेट, म्हणजे आयात कर न भरता गाडी तात्पुरती परदेशात नेण्याचा कागद, काढा. मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडे चौकशी करा. कारनेट वर्षभर चालते. त्यासाठी ठेवलेली हमी परत मिळवायची, तर प्रत्येक सीमेवर आत येतानाचा आणि बाहेर पडतानाचा असे दोन्ही शिक्के पानावर हवेत. एक राहिला तरी पैसे अडकतात, म्हणून शिक्का पडल्याचे पाहूनच खिडकीपासून हला. वाहन चालवण्याचा आंतरराष्ट्रीय परवाना ठाण्याच्या आरटीओतच, नमुना ४-ए भरून मिळतो. तोही एक वर्षाचा.