चाकावरचं घर, तिथली छोटी गावं आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी थोडक्यात लिहिलं होतं की आम्ही दोघं नवरा-बायको अमेरिकेत दीड वर्ष आरव्हीत, म्हणजे संडास-बाथरूम-किचन सगळं आत असलेल्या गाडीत राहिलो, घर असं वेगळं नव्हतंच, तर त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणले तुम्हीच उत्तरं द्या. ज्यांनी ते वाचलं नाही त्यांच्यासाठी : मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली बाई, हे विजेच्या खात्यातून, गाव औसा तालुक्यातलं. मुलगी कॅन्सस राज्यातल्या विचिटाला असते, ती तिथली नागरिक झाली म्हणून तिनं आमचं ग्रीन कार्ड केलं. मार्च २०२२ ते सप्टेंबर २०२३ आम्ही गाडीत होतो. आता गावाकडं आहोत.

प्रश्न : मॅडम, मुलगा टेक्सासला आहे, आमचा टूरिस्ट व्हिसा आहे, मी ६३ वर्षांचा. अशी गाडी चालवायला ट्रकचं लायसन्स लागतं का? आणि किती दिवस राहता येतं?
– एक निवृत्त मुख्याध्यापक, अंबाजोगाई

उत्तर : सर, ट्रकचं लायसन्स लागत नाही. बहुतेक राज्यांमध्ये २६ हजार पौंडापर्यंतची, म्हणजे साधारण ११,८०० किलोपर्यंतची आरव्ही साध्या कारच्या लायसन्सवर चालते आणि भाड्यानं मिळणाऱ्या बहुतेक गाड्या त्याच्या आतच असतात. आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून न्या, ते एक वर्ष चालतं, सोबत आपलं मूळ लायसन्स पण ठेवा. नियम राज्याराज्याचे वेगळे आहेत म्हणून ज्या राज्यांतून जाणार तिथलं मुलाला आधी बघायला सांगा. राहायचं म्हणाल तर टूरिस्ट व्हिसावर विमानतळावर शक्यतो सहा महिने देतात, जी तारीख देतील तीच खरी, व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षं राहता येत नाही.

आमची गाडी २८ फुटांची सेकंड हँड होती, ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो तसली. तिचं अ‍ॅव्हरेज लिटरला साडेतीन-चार किलोमीटर, हे लक्षात ठेवूनच हिशोब करा. आणि गाडीची उंची कागदावर लिहून स्टेअरिंगच्या समोर चिकटवा, जुन्या गावांमधले रेल्वेचे पूल लई खाली असतात. आमच्या ह्यांनी पहिल्या दिवशी तो कागद चिकटवायचंच काम केलं.

प्रश्न : काकू, स्वच्छतेचं कसं करत होतात? त्याच गाडीत संडास आणि त्याच गाडीत देवघर, मला तर विचार करूनच कसंतरी व्हायलंय. आणि पाणी पुरतं का, भाकरी जमते का?
– एक गृहिणी, परभणी

उत्तर : ताई, मलाही पहिले आठ दिवस जड गेले, खोटं कशाला सांगू. गाडीत तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, एक अंघोळ-भांड्याच्या सांडपाण्याची, एक संडासाची. आरव्ही पार्कात जागा घेतली तर तिथं नळ, लाइट आणि ड्रेनेजचं तोंड असतं, तिथं जाड पाइप लावून टाक्या रिकाम्या करायच्या. आधी संडासाची टाकी सोडायची आणि मग सांडपाण्याची, म्हणजे साबणाच्या पाण्यानं पाइप आपोआप धुऊन निघतो. हातमोजे वेगळे, पाइप वेगळा, चांगल्या पाण्याचा पाइप दुसऱ्या कप्प्यात. एवढं पाळलं तर वास नाही काही नाही. देव मी ड्रायव्हरच्या वरच्या पलंगाशी, सगळ्यात उंच जागी ठेवले होते, समाधान वाटलं.

पाण्याचं म्हणाल तर आमची टाकी ४० गॅलनची होती म्हणजे दीडशे लिटर. तिथले लोक नव्यानं आरव्ही घेतात तेव्हा त्यांना पाणी मोजून वापरायला शिकावं लागतं, शॉवर बंद करून साबण लावायचा वगैरे. आपल्याला हे कोण शिकवणार? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला ५ लाख लिटर, तेव्हा आम्ही लातूरला भाड्यानं राहत होतो, भाज्या धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला. दीडशे लिटर आम्हा दोघांना चार दिवस पुरायचं आणि शेजारच्या गाडीतली बाई विचारायची तुम्हाला कसं पुरतं. मी तिला ती रेल्वे सांगितली. तिनं आपल्या नवऱ्याला बोलावून परत सांगायला लावली.

लाइटचं एक ध्यानात ठेवा. साध्या जागेवर ३० अँपिअरचं कनेक्शन असतं, तिकडं १२० व्होल्ट, म्हणजे एकूण ३,६०० वॉट. एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. आमच्या घरात हे खातं ह्यांच्याकडं होतं त्यामुळं आमचा ब्रेकर दीड वर्षात दोनदाच पडला.

भाकरी गॅसवर जमते, गॅस प्रोपेनचा असतो, तवा मात्र इथूनच न्या. फोडणी टाकताना छतावरची खिडकी उघडून पंखा लावायचा नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. कॅन्ससमध्ये आम्ही मैलच्या मैल ज्वारी बघितली ताई, बुटकी, लालसर कणसांची, तिथले शेतकरी तिला मायलो म्हणतात, अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी त्याच राज्यात होते. जास्त करून जनावरांना आणि इथेनॉलला जाते. मी एका शेतकऱ्याला सांगितलं आम्ही हीच खातो, मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या घरी मी येसरची आमटी आणि ज्वारीची भाकरी केली. पीठ विचिटाच्या भारतीय दुकानातलं होतं, त्याच्या शेतातलं नव्हतं, पण तो माणूस भाकरी हातात घेऊन बराच वेळ उलटून-पालटून बघत राहिला.

प्रश्न : ताई, आमच्याकडं कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत रिटायर म्हातारे लोक साखर कारखान्याच्या सीझनला गाड्या घेऊन कामाला जातात. आमच्या बीड जिल्ह्यातून लोक पोटासाठी ऊसतोडीला जातात, आणि तिथं पेन्शनवाले जातात, हे खरं वाटत नाही.
– एक शिक्षक, धारूर

उत्तर : खरं आहे सर. आम्ही ऑक्टोबर २०२२ ला तिथं होतो. नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा राज्यांच्या मधून रेड रिव्हर नदी वाहते, तिच्या खोऱ्यात शुगर बीट पिकतं, पांढऱ्या मुळ्यासारखं पण मोठं, त्याच्यापासून साखर करतात. तिथला मोठा कारखाना अमेरिकन क्रिस्टल शुगर हा शेतकऱ्यांच्याच मालकीचा सहकारी आहे, १९७३ ला बीटवाल्या शेतकऱ्यांनी कंपनी विकत घेतली. हे ऐकल्यावर ह्यांना घरच्यासारखं वाटायला लागलं. बीट ऑक्टोबरमध्ये दोन-तीन आठवड्यांत काढून डोंगरासारखे ढीग घालतात आणि मग हिवाळाभर कारखाना चालतो. ऊन जास्त झालं की काढणी थांबवतात कारण गरम बीट ढिगात सडतं, फार कडक थंडी पडली तरी थांबवतात. एवढ्या थोड्या दिवसांसाठी माणसं कुठून आणायची, म्हणून आरव्हीवाल्यांना बोलवतात, गाडी लावायची जागा फुकट आणि पगार. बारा-बारा तासांची पाळी, रात्रीची पण. ट्रक कुठं लावायचा ते दाखवणं, नमुना पिशवीत घेणं, ढिगाच्या मशीनजवळ उभं राहणं, साफसफाई. तोडायचं काम मशीनचं.

आम्ही दोघांनी पंधरा दिवस केलं. ६१ व्या वर्षी मी डोक्याला टॉर्च लावून थंडीत उभी होते. आणि सर, रोज रात्री मला माझ्या वर्गातली ती पोरं आठवायची जी दिवाळी झाली की पटावर असायची आणि वर्गात नसायची, कारण आई-बाप कोयता घेऊन गेलेले. तिथं शेजारी उभी असलेली माणसं सीझन संपला की ॲरिझोनाला उन्हात जाणार होती, नको वाटलं तर पुढच्या वर्षी येणार नव्हती. उचल नाही, मुकादम नाही, कोपी नाही, आणि आठवड्याला पगार खात्यात. तुमचं म्हणणं बरोबरच आहे, ही दोन्ही कामं एका तराजूत टाकता येत नाहीत. पण सहकारी कारखान्याला हंगामी माणसाची पण नीट सोय करता येते हे मी डोळ्यानं बघितलं, आणि आपल्याकडं ते व्हावं असं मला मनापासून वाटतं.

एक सूचना, हे ग्रीन कार्ड होतं म्हणून आम्हाला चाललं. टूरिस्ट व्हिसावाल्यांनी असलं काही करू नका, पगार न घेता फुकट जागेच्या बदल्यात काम करणं पण चालत नाही.

प्रश्न : दोघंच एवढ्या लांब, आजारी पडलं तर? एकटं वाटत नव्हतं का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : वाटायचं. नेब्रास्कात एका गावात ह्यांची बीपी एकदम वाढली, रात्री अकरा वाजता, तिथल्या छोट्या दवाखान्यात गेलो तर दार बंद आणि सगळ्यात जवळचं मोठं हॉस्पिटल ७० मैल. मी आरव्ही कधी हायवेला चालवली नव्हती, त्या रात्री चालवली, मुलगी फोनवर सतत बोलत होती. सगळं ठीक झालं पण त्यानंतर आम्ही तीन गोष्टी केल्या. गोळ्या तीन महिन्यांच्या जवळ, जिथं मुक्काम तिथलं हॉस्पिटल आधी बघून ठेवणं, आणि गाडी दोघांनाही यायलाच पाहिजे. विम्याशिवाय तर पाऊलच टाकू नका.

एकटेपणाला उपाय म्हणजे पळत सुटायचं नाही. सुरुवातीला आम्ही रोज दोन-तीनशे मैल जायचो आणि नुसते भांडायचो. मग एका गावात आठवडा असं ठरवलं. कॅन्सस-नेब्रास्कातल्या बऱ्याच छोट्या गावांत गावच्या बागेतच आरव्हीला जागा असते, लाइट असते, एक पेटी असते त्यात दहा-वीस डॉलर टाकायचे, बघायला कुणी नसतं. मग सकाळी लायब्ररीत जायचं. हजार-दोन हजार वस्तीच्या गावाला पण लायब्ररी, कितीतरी ठिकाणी शंभर वर्षांपूर्वीची, कार्नेगी नावाच्या तिथल्या पोलादवाल्या उद्योगपतीच्या पैशातून बांधलेली. तिसऱ्या दिवशी तिथली बाई नावानं हाक मारते. हिवाळ्यात आम्ही ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटला वाळवंटात होतो, सरकारी जमीन, तेव्हा १८० डॉलरमध्ये सप्टेंबर ते एप्रिल राहता यायचं, पण नळ-लाइट जागेवर नाही. तिथं हजारो म्हातारी माणसं येतात. गावच्या स्मशानात हाजी अली नावाच्या उंटवाल्याची कबर आहे, अमेरिकन सैन्यानं १८५६ ला उंट आणले त्यांच्यासोबत तो आलेला, लोकांना नाव म्हणता येईना म्हणून हाय जॉली झालं. कबरीवर पिरॅमिड आणि वर उंट. परक्या मुलखातल्या माणसाला गावानं एवढं जपलं हे बघून बरं वाटलं.

प्रश्न : पेन्शन आणि लातूरचा फ्लॅट विकून पूर्णवेळ असं राहावं का?
– एक दांपत्य, लातूर

उत्तर : फ्लॅट विकू नका. आधी तीन आठवडे भाड्याची गाडी घ्या. गाडीची किंमत वर्षावर्षाला पडते, फ्लॅट तसाच राहतो, आणि परत यायला दार लागतं.

प्रश्न : काकू, तिकडचं एकच गाव सांगायचं झालं तर कुठलं?
– एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ग्रीन्सबर्ग बाळा. कॅन्ससमधलं, विचिटाहून पश्चिमेला शंभरेक मैल. ४ मे २००७ च्या रात्री तिथं टोर्नेडो आला, सगळ्यात मोठ्या श्रेणीचा, गावाचा ९५ टक्के भाग गेला. भोंगा आधी वाजला म्हणून बरेचजण तळघरात वाचले. आमच्या किल्लारीच्या भूकंपाला भोंगा नव्हता ग. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले होते. मी तेव्हा ३२ वर्षांची, किल्लारीपासून थोड्या अंतरावरच्या शाळेवर. माझ्या हजेरीपटावरच्या नावांपुढं मी काय लिहिलं ते मला आजपण सांगता येत नाही.

ग्रीन्सबर्गला हातानं खोदलेली मोठी विहीर आहे, १८८७-८८ ची, १०९ फूट खोल, ३२ फूट रुंद, आपल्याकडच्या बारवेसारखी दगडानं बांधलेली पण गोल. आता तिच्यावरच म्युझियम केलंय, जिन्यानं खाली उतरता येतं. तिकिटाच्या टेबलावर माझ्याच वयाची बाई होती, कुठून आलात विचारलं, मी लातूर जिल्हा म्हणलं आणि मग भूकंपाचं निघालं. तिनं तिकीट बाजूला ठेवलं आणि पहिला प्रश्न असा विचारला की तुम्ही त्याच जागी परत बांधलं का? मी म्हणलं नाही, बावन्न गावं उठवून दुसरीकडं नेली, सरळ रस्ते, सारखी घरं. ती म्हणाली आम्ही त्याच जागी बांधलं, पवनचक्कीची वीज, सरकारी इमारती कमी वीज खाणाऱ्या, शाळा नवीन, पण गाव आधी चौदाशेच्या आसपास होतं ते आता निम्मंच राहिलंय, पोरं परत आली नाहीत. मग आम्ही दोघी कितीतरी वेळ बोललो. तिचं तळघरातलं ऐकलं, माझं इथलं सांगितलं, माझं इंग्रजी अडलं तिथं तिनं माझा हात धरला. हे बाहेर बाकावर बसून होते.

आम्ही तिथं चार दिवस थांबलो, बागेत. निघताना ती गाडीपाशी आली आणि म्हणाली जुन्या जागेवर आता काय आहे ते मला बघायचंय.

सप्टेंबर २०२३ ला आम्ही परत आलो त्याचं एक कारण हे पण होतं, भूकंपाला तीस वर्षं होत होती. ३० तारखेला सकाळी जुन्या किल्लारीला गेलो, स्मृतिस्तंभाला फुलं वाहिली, नीळकंठेश्वराला गेलो, तिथं लोक अजून येतात. बाभळी वाढल्यात, मधे मधे जोत्याचे दगड दिसतात. फोटो काढून मी तिला पाठवले. तिकडं तेव्हा रात्र होती तरी तिचं लगेच उत्तर आलं, त्या दगडांमधली कुठली शाळा होती ते खूण करून पाठव.