दिवसभर तर झोपलेली असते, मग चिडचिड कसली?

"मॅडम, मी वाईट आई आहे का हो?" नाईट ड्युटी करणाऱ्या बायका माझ्याकडे समुपदेशनाला आल्या की पाचव्या-सहाव्या मिनिटाला हा प्रश्न येतोच. पुरुष तेच जरा वेगळं विचारतात, घरात आपली किंमतच उरली नाही असं काहीतरी, पण दुखणं तेच. रात्रभर राबायचं, सकाळी घरी यायचं आणि उंबऱ्यातून आत आलं की भांडण सुरू.

नाशिकची एक सिस्टर आठवते. ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलल्यात आणि नाव तर देतच नाही, तसंही तिच्या गल्लीत सगळे तिला सिस्टरच म्हणतात. खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला, रात्री आठ ते सकाळी आठ, सलग सहा नाईट आणि मग दोन ऑफ. मिस्टर सातपूरला कंपनीत, त्यांची फर्स्ट-सेकंड आलटून पालटून. घरी सासूबाई आणि पाच वर्षांचा मुलगा. ती आली त्याच्या आदल्या दुपारी झालं असं, की मुलगा "मम्मी ऊठ ना, माझं चित्र बघ" करत तिच्या अंगावर चढला, हातातली पाण्याची बाटली गादीवर सांडली आणि हिने अर्धवट झोपेतच त्याला सणसणीत ठेवून दिली. पोरगं रडलं, सासूबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "दिवसभर तर झोपलेली असते, मग चिडचिड कसली?"

आता खरं सांगते, पहिल्या भेटीत मी चुकले. सासू-सून म्हटलं की आमच्या डोक्यात एक ठरलेली फाईल उघडते, मीही तीच उघडली आणि सासूबाईंशी शांतपणे कसं बोलायचं, रागाच्या आधी थांबायचं कसं वगैरे समजावत बसले. ती मान हलवत होती. मग मान हलायची थांबली. बघते तर बाई खुर्चीत झोपलेली, पर्सची चेन दोन बोटांत तशीच धरलेली, अर्धी उघडी. मी बोलायचं थांबले त्या शांततेनेच दचकून जागी झाली आणि "सॉरी मॅडम, ऐकतेय मी" म्हणाली.

"काल किती तास झोपलीस?"

"झोपले ना. नऊ ते तीन."

"सलग?"

त्यावर ती नुसती हसली.

तेव्हा कुठे मी नीट विचारायला लागले. मन सतत उदास असतं का, कशातच रस वाटत नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललंय का, जगणं नको वाटतं का, हे मी विचारतेच, लाजून चालत नाही. तसं काही असेल तर झोपेची सबब पुढे करून थांबायचं नाही, मानसोपचार तज्ज्ञांना भेटायचं. आणि नाईटवाल्यांना नेमकं रात्री तीनलाच कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, तेव्हा सगळे झोपलेले असतात, म्हणून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मी सगळ्यांना देऊन ठेवते, तो चोवीस तास चालू असतो आणि फुकट आहे. हिच्या बाबतीत तसं नव्हतं. ऑफच्या दुसऱ्या दिवशी ही बाई मुलाबरोबर मजेत पतंग उडवायची.

काम एकच दिलं, सहा दिवस झोप लिहून आण. घरी कालनिर्णय होतंच, ज्याच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहितात, त्यातच तिने बारीक अक्षरात लिहून आणलं. एक दिवस सांगते. ९:४० ला आडवी. १०:१५ घंटागाडी, तिचं ते गाणं. १०:५० बेल, कुरिअर. ११:३० कुकर, आणि खोलीला दार नाही, पडदा. १२ नंतर जरा लागली झोप तर १ वाजता मुलगा शाळेतून आला. दोनला भंगारवाल्याचा भोंगा. सगळे तुकडे जोडून तीन तास वीस मिनिटं! सहा दिवसांचे मिळून झाले एकवीस तास. रोज सात तास झोपणाऱ्याचे बेचाळीस होतात, म्हणजे बरोब्बर निम्मे. आणि घरच्यांच्या डोळ्यांना काय दिसतं, तर नऊ ते तीन आडवी पडलेली बाई.

बरं, घर अगदी चिडीचूप असलं तरी दिवसाची झोप रात्रीसारखी लागत नाही, हेही तिला माहीत नव्हतं, सिस्टर असून. मेंदूत एक घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं, आपल्या ड्युटी चार्टवर नाही (या घड्याळाची पेशींमधली यंत्रणा शोधणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं). पहाटे चार-पाचला शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं, तेव्हा वॉर्डात नेमके डोळे मिटतात, आणि सकाळी नऊला ते चढत असतं, तेव्हा तुम्ही कितीही दमलेले असा, शरीर म्हणतं उठायची वेळ झाली. त्यात हिचा पहाटे साडेपाचचा कडक चहा. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेदहाला ही पडदा ओढून पडलेली आणि अंगात अजून अर्धा कप चहा जागा.

आणि हो, व्हॉट्सअॅपवर कोणीतरी पाठवलेलं की नाईटने कॅन्सर होतो, त्याचंही तिला टेन्शन. त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००७ मध्ये असं काम 'बहुधा कारणीभूत' या गटात टाकलं आणि २०१९ मध्ये तेच कायम ठेवलं. पण त्याच गटात ६५ अंशांच्या वरचं गरमागरम पेय पण आहे, हे त्या मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. गट फक्त पुरावा किती भक्कम ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. घाबरू नको, तपासण्या वेळेवर कर, एवढंच सांगितलं.

पुढच्या वेळी सासूबाईंना बोलावलं. आल्या त्या रागातच, "मला काय वेडी ठरवायला बोलावलंत?" म्हटलं काकू, तुमची पण झोप लिहायचीय. त्यावर आधी "माझ्या झोपेचं काय एवढं" म्हणाल्या, पण मग जे बोलायला लागल्या ते थांबेचनात. पोरगं बाराला उठतं, मम्मी कधी येणार विचारतं, त्याला थोपटायचं, परत दोनला शू, परत चारला, आणि पाचला नळाला पाणी येतं म्हणून तेव्हापासून जागं राहायचं. गुडघे दुखतात ते वेगळंच. साडेआठला सून आली की आता हिच्या ताब्यात पोर देऊन जरा पाठ टेकू असं त्यांना वाटायचं, तर ती आली की अंघोळ करून सरळ पडद्याआड.

म्हणजे त्या घरात नाईट दोघी करत होत्या, पगार एकीला मिळत होता. माझ्या डोक्यात हे आधी यायला हवं होतं, नाही आलं.

सिस्टर गप्प बसली होती. मग हळूच म्हणाली, "आई, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"बोलून काय? तू काय ड्युटी सोडणार होतीस?"

पुढची युक्ती माझी नाही, तिचीच. वॉर्डात ड्युटी बदलताना सिस्टर लोक एकमेकींना ओव्हर देतात, कुठल्या पेशंटला काय झालं, काय दिलं, काय राहिलं. तिने घरी तेच सुरू केलं. आल्यावर ओट्यापाशी दोघींनी पाच मिनिटं बसायचं, सासूबाई ओव्हर देणार, कितीदा उठला, खोकला का, डब्यात काय दिलं. संध्याकाळी सातला ही निघताना ओव्हर देणार. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण सासूबाईंना पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं की रात्र कशी गेली.

बाकीचं साधंच. चहा रात्री दोनच्या आत. झोप दोन तुकड्यांत, सकाळी सव्वानऊ ते दीड, आणि संध्याकाळी निघायच्या आधी तासभर. मधल्या वेळेत ती मुलाबरोबर जेवते, चित्र बघते, आणि दोन ते साडेतीन सासूबाई झोपतात, तेव्हा त्यांना कोणी उठवायचं नाही, मुलगा सिस्टरकडे. खोलीला दार बसवलं, खिडकीला जुनं जाड ब्लँकेट, बेल बंद. डोळ्यांवरची पट्टी तिला जमली नाही, गुदमरतं म्हणाली, सोडून दिली. अॅक्टिव्हावर डुलकी येते असं सहज बोलून गेली तेव्हा मात्र मी जरा रागावलेच, झोप अनावर असेल त्या सकाळी तिथेच रेस्ट रूममध्ये वीस मिनिटं पड, तोंडावर पाणी मार, नीट जाग येईपर्यंत थांब आणि मगच गाडी काढ, नाहीतर रिक्षाने ये.

मिस्टरांचं काय, तर ते आधी "यात मी काय करणार" वाले. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी घरीच असतात ना तुम्ही, एवढंच विचारलं. आता त्या आठवड्यात मुलाला शाळेत तेच सोडतात आणि कुकर नऊच्या आत लावतात.

भांडणं संपली का? नाही. लग्नसराई आली की ऑफच्या दिवशी पाहुण्यांकडे जायचं की झोपायचं यावर अजून वाजतं, आणि एकदा घंटागाडीवाल्याशी सासूबाईंचंच वाजलं, आवाज कमी कर म्हणून.

दोन महिन्यांनी सिस्टर कालनिर्णयचं जुनं पान घेऊन आली. बारीक अक्षर तिचं होतं, पण १९ तारखेच्या चौकटीत जाड, वाकड्या अक्षरात सासूबाईंनी लिहिलं होतं, "दूध १ लि. खाडा नाही. बाळ एकदा उठला, परत झोपला. मी पण."