सायकल चार हजारांची की साडेअकरा हजारांची?

प्रश्न : नातवाची गिअरची सायकल आमच्या इमारतीच्या पार्किंगमधून गेली. दीड वर्षापूर्वीचं बिल ११,५०० रुपयांचं आहे. चौकीत 'जुनी आहे, चार हजार धरू' म्हणत एन.सी.चा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला. आता तपास होणार का? नातू म्हणतो, चोरी ती चोरी, त्यात लहान-मोठी काय?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : आजोबा, नातवाचं म्हणणं ३० जून २०२४ पर्यंत अगदी बरोबर होतं. शाळेत असताना माझी सायकल तुळशीबागेबाहेरून गेली, सायकलकराच्या बिल्ल्यासकट. दीडशेचीही नसेल. पण जुन्या दंडविधानात चोरी पाच रुपयांची असो की पाच लाखांची, दखलपात्रच. म्हणजे पोलिसांनी गुन्हा नोंदवायचा आणि कोर्टाला न विचारता तपासाला लागायचं. (सायकल मिळाली नाही, ते सोडा.)

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३(२) ला एक शेपूट आहे : माल पाच हजारांच्या आतला, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली, तर शिक्षा समाजसेवेची. हा प्रकार अदखलपात्र, म्हणजेच एन.सी. त्यात पोलीस नोंद करून तुम्हाला मॅजिस्ट्रेटकडे जायला सांगतात. मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय त्यांना तपास करता येत नाही. थोडक्यात, तुमच्या हातातल्या कागदावर कोणी सायकल शोधायला निघणार नाही.

मला इथेच खटकतं. चोर सापडलेलाच नाही, तर हा त्याचा पहिला गुन्हा की अकरावा, हे चौकीत बसून कोणाला कळलं? माल परत केला का, हा तर पुढचाच प्रश्न. शेपटातल्या तीन अटींपैकी फक्त पाच हजारांची अट धरायची, हे वाचन मला सोयीचं वाटतं, कायद्याचं नाही.

तुमच्याकडे दोन मुद्दे आहेत. पहिला बिलाचा. दीड वर्षात साडेअकराचे चार कसे झाले, ते त्यांनी सांगावं. तुम्ही सायकल दुकानदाराकडून आजची किंमत लिहून आणा. दुसरा मुद्दा मला जास्त आवडतो. राहत्या इमारतीतली चोरी कलम ३०५ मध्ये येते. ती दखलपात्र, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तिथे पाच हजारांची भानगडच नाही. पार्किंग इमारतीच्या पोटात, खांबांमध्ये असेल, तर हा मुद्दा अर्जात ठामपणे मांडा. बाहेर पत्र्याच्या शेडखाली असेल, तर जरा लंगडा पडेल.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवावीच लागते, हे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. तरीही नकार आला, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) कलम १७३(४) प्रमाणे लेखी अर्ज पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा. कायद्यात अधीक्षक लिहिलंय. पुण्यात आयुक्तालय आहे, म्हणून आपल्या परिमंडळाच्या उपायुक्तांना. रजिस्टर्डच करा, पावती जपा. तिथेही काही हललं नाही, तर शिवाजीनगर कोर्टात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआर झाली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

आणि अर्जात फ्रेम नंबर लिहायला विसरू नका. बहुधा दोन्ही पेडलच्या मध्ये, फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो. बऱ्याचदा बिलावरही असतो. नातवानं चिकटवलेल्या स्टिकरवरून ओळख पटवणं अवघड जातं.