पोरगी अठराची झाली म्हणून बापाची फीतून सुटका होत नाही

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंनी विचारलंय. 2016 ला संमतीने घटस्फोट झाला, कन्सेंट टर्म्समध्ये (दोघांनी कोर्टात दिलेल्या लेखी समझोत्यात) लिहिलं होतं की वडील दोन्ही मुलांसाठी महिन्याला सहा हजार देतील, प्रत्येकाला अठरा होईपर्यंत, आणि खाली ताईंची सही आहे की यापुढे काही मागणार नाही. आता मुलीचा कॅप राउंडमध्ये (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) हिंगणा रोडवरच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला, वर्षाची फी एक लाख चाळीस हजार, ताई सीताबर्डीला कापडाच्या दुकानात बिलिंगला, पगार चौदा हजार. वडील बुटीबोरीच्या कंपनीत परमनंट आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून राहिले, "अठरा झाले, आता तुझ्या पोरीचं तू पाह." आणि पोरगी म्हणते मला बाबाचे पैसेच नको.

ताई, पहिले ती सही डोक्यातून काढा. ती तुमची सही आहे, तुम्ही स्वतःसाठी काय सोडलं ते सोडलं, पण मुलीचा हक्क मुलीचा आहे, तो तिच्या लहानपणी तुम्हाला सोडून देताच येत नव्हता. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा 1956, कलम 20(3), यात लग्न न झालेली मुलगी स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागवू शकत नसेल तर तिची खावटी बापावर आहे, अठराची अटच नाही तिथे, आणि त्या कायद्यात खावटी म्हणजे फक्त जेवणखाण नाही, शिक्षण पण येतं. (कायद्याचं नाव हिंदू असलं तरी बौद्ध, जैन, शीख सगळ्यांना लागू, आपल्या नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागते.) सुप्रीम कोर्टाने 2020 मध्ये अभिलाषा विरुद्ध प्रकाश या केसमध्ये हेच स्पष्ट केलं. तुमच्या शेजारच्या काकांनी सांगितलेलं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125, म्हणजे तिच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं आताचं 144, ते सज्ञान धडधाकट मुलीसाठी अडचणीचं आहे, त्या रस्त्याने जाऊ नका.

आता कडू गोष्ट. त्याच कलमात आईवरही जबाबदारी आहे, त्यामुळे कोर्ट तुमचे चौदा हजार पण पाहणार. म्हणून "सगळी फी त्यांनीच द्यावी" असा हट्ट नको, दोघांच्या पगाराच्या हिशेबात मागा, ते टिकते. त्यांचा पगार किती हे तुम्हाला माहीत नाही म्हणता, तर रजनेश विरुद्ध नेहा, 2020, या निकालापासून खावटीच्या केसमध्ये दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागते, सॅलरी स्लिपसकट. सिव्हिल लाइन्सच्या फॅमिली कोर्टात अर्ज टाकतानाच सोबत अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, खावटीचा अर्ज टाका, कारण मूळ केसला वेळ लागते आणि कॉलेज काही थांबत नाही. वकिलाच्या फीचं टेन्शन असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही, फुकट वकील मिळतो, खावटीच्या केसला बायकांना कोर्ट फी पण माफ आहे आपल्या राज्यात.

तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट नाही तर फोनही जपून ठेवा, उद्या कोर्टात तो इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रासह द्यावा लागेल. डिक्रीची (घटस्फोटाच्या कोर्टाच्या हुकुमाची) सर्टिफाइड कॉपी, कॅपचं अलॉटमेंट लेटर, फीची पावती, बसचा पास, लॅपटॉपचं बिल, सगळं एका फाइलमध्ये. ही बिलं लोकं फेकतात आणि मग कोर्टात अंदाजे आकडे सांगतात.

आणि कोर्टात जायच्या आधी एक बघा ना, 2024-25 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्युशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, महाडीबीटीवर (राज्य सरकारच्या स्कॉलरशिपच्या वेबसाइटवर) अर्ज करावा लागते. एससी, एसटीच्या योजना वेगळ्या आहेत. तुम्ही कोणत्या प्रवर्गात ते लिहिलं नाही. डिक्रीची कॉपी घेऊन कॉलेजच्या स्कॉलरशिप टेबलावर आधी विचारा, बसलं तर बापाशी भांडण फक्त उरलेल्या खर्चाचं राहील.

मुलगा दहावीत आहे ना, त्याचं वेगळं. या कायद्यात मुलाचा हक्क अठराला संपतो, मला ते पटत नाही पण आहे तसं आहे. त्यामुळे त्याच्यासाठी हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली रक्कम वाढवायचा अर्ज आत्ताच टाका, तो लहान आहे तोवर.

राहिली पोरीची गोष्ट. जानेवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच केस होती, आयर्लंडला शिकणाऱ्या मुलीसाठी बापाने दिलेले 43 लाख तिने स्वाभिमानापायी नको म्हटले, कोर्ट म्हणालं शिक्षणाचा खर्च आईबापाकडून मिळणं हा तिचा कायदेशीर हक्क आहे, ते पैसे तिचेच. हे तिला वाचून दाखवा. तरी नाही म्हणाली तर मी जबरदस्ती करणार नाही, कारण सज्ञान मुलीच्या अर्जावर सही तिचीच लागते, तुमची चालत नाही. नोटीस पाठवायला याल तेव्हा तिला सोबत घेऊन या.