वाचकांचे प्रश्न : बारा जून की चार जुलै?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात फिलिपिन्सच्या स्वातंत्र्याची तारीख ४ जुलै १९४६ अशी आहे. तिथले लोक मात्र १२ जूनला स्वातंत्र्यदिन पाळतात. बरोबर कोणते?

उत्तर : परीक्षेत विचारले, तर अमेरिकेने सत्ता सोडल्याची तारीख म्हणून ४ जुलै १९४६ लिहा. पण स्वातंत्र्यदिन १२ जूनच, आणि तो तसाच असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

१२ जून १८९८ रोजी काविते प्रांतातल्या कावित गावी, क्रांतिकारकांचे नेते एमिलियो आगिनाल्दो यांच्या राहत्या घरी स्वातंत्र्य जाहीर झाले. स्पेनची सत्ता तेव्हा तीनशेहून अधिक वर्षांची जुनी होती. जाहीरनामा वाचला अम्ब्रोसियो रियान्सारेस बाउतिस्ता या वकिलांनी. त्या दिवशीचा झेंडा मार्सेला आगोन्सिलो यांनी हाँगकाँगमध्ये शिवला होता. सप्टेंबरात मालोलोस इथल्या बारासोआइन चर्चमध्ये प्रतिनिधींची काँग्रेस भरली आणि तिने राज्यघटना तयार केली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचे कलम तिच्यात होते. धर्मसंस्था आणि राज्य वेगळे करण्याचे कलम अवघ्या एका मताने मंजूर झाले. ज्या देशात गावोगावी स्पॅनिश पाद्रीच खरे सत्ताधीश होते, तिथे, आणि तेही चर्चमध्ये बसून, हे ठरले! वर्गात हा भाग शिकवताना मी नेहमी जरा थांबत असे. २३ जानेवारी १८९९ला प्रजासत्ताकाची स्थापना झाली. त्याचे पहिले पंतप्रधान आपोलिनारियो माबिनी दोन्ही पायांनी अधू होते.

तिकडे पॅरिसमध्ये १० डिसेंबर १८९८लाच सौदा होऊन गेला होता. अमेरिकेशी युद्ध हरलेल्या स्पेनने २ कोटी डॉलर घेऊन सगळी बेटे अमेरिकेच्या हवाली केली. मार्सेलाबाईंचे पती फेलिपे आगोन्सिलो फिलिपिनोंची बाजू मांडायला पॅरिसला गेले होते, त्यांना बैठकीत बसूही दिले नाही. ४ फेब्रुवारी १८९९च्या रात्री मनिलाच्या वेशीवर अमेरिकी आणि फिलिपिनो सैनिकांत गोळीबार सुरू झाला आणि दोनच दिवसांनी अमेरिकी सिनेटने तो तह मंजूर केला. पुढच्या युद्धात वीस हजारांहून अधिक फिलिपिनो सैनिक मारले गेले. हिंसाचार, उपासमार आणि रोगराईने गेलेल्या सामान्य माणसांचा आकडा दोन लाखांपर्यंत सांगितला जातो. म्हणून १९४६ साली जे मिळाले त्याला मी देणगी म्हणत नाही. हिसकावून घेतलेले परत आले, तेही अर्धेमुर्धे.

१९६२पर्यंत तिथे ४ जुलैच साजरा होत होता. अमेरिकेचाही स्वातंत्र्यदिन तोच. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने फिलिपिन्सला दुसऱ्या महायुद्धातल्या नुकसानीच्या भरपाईचे ७ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे विधेयक फेटाळले. त्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष दिओस्दादो माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन १२ जूनला नेल्याचे जाहीर केले आणि १९६४मध्ये त्याचा कायदा झाला. निमित्त भरपाईचे होते, पण बदल योग्यच होता.

प्रश्न : कादंबरीकार होसे रिसाल यांनी शस्त्र उचलले नाही, उलट स्पेनविरुद्धच्या उठावाचा निषेध केला. मग राष्ट्रनायक तेच कसे? तो मान आंद्रेस बोनिफासियो यांचा नाही का?

उत्तर : तुमच्या प्रश्नामागची कळकळ मला पोचली. आधी घटना पाहू. रिसाल यांनी ३ जुलै १८९२ रोजी मनिलात ‘ला लिगा फिलिपिना’ ही सनदशीर मार्गाने सुधारणा मागणारी संघटना काढली. त्यांची मागणी हक्कांची आणि समान वागणुकीची होती. काही दिवसांतच त्यांना पकडून मिंदानाओ बेटावरच्या दापितानला धाडले. लिगाचेच एक सभासद, तोंदो वस्तीत वाढलेले आणि गोदामात नोकरी करणारे बोनिफासियो यांनी ७ जुलैला ‘काटिपुनान’ ही गुप्त संघटना स्थापन केली. अर्ज-विनंत्या करणाऱ्यालाही सरकार हद्दपार करते, हे दिसल्यावर दुसरा कोणता मार्ग उरला होता?

१८९६मध्ये बोनिफासियो यांनी पियो वालेन्सुएला या डॉक्टरांना दापितानला पाठवून उठावाबद्दल रिसाल यांचे मत विचारले. पुरेशी शस्त्रे नसताना लोकांना मरायला पाठवू नका, असे रिसाल यांचे म्हणणे होते. उठाव झालाच. डिसेंबरात कैदेतून रिसाल यांनी त्याचा निषेध करणारे पत्रकही लिहिले. तरी ३० डिसेंबर १८९६ला स्पेनने त्यांना गोळ्या घातल्याच. मनिलाच्या सांतियागो किल्ल्यापासून गोळ्या घातल्या त्या मैदानापर्यंत रस्त्यावर काशाची पावले बसवली आहेत, ती त्यांची शेवटची वाट. मी त्या पावलांच्या कडेकडेने चालत गेले आहे. गोळ्या झाडणारी तुकडी स्पॅनिश फौजेतल्या फिलिपिनो शिपायांची होती आणि त्यांनी कच खाल्ली तर त्यांच्यावर झाडायला मागे स्पॅनिश शिपाई उभे होते. राजवट किती घाबरली होती, हे यावरून कळते.

बोनिफासियो यांच्यावर मात्र आपल्याच माणसांनी अन्याय केला. मार्च १८९७मध्ये तेहेरोस इथल्या क्रांतिकारकांच्या सभेत आगिनाल्दो क्रांतिकारी सरकारचे अध्यक्ष निवडले गेले. बोनिफासियो यांना अंतर्गत कारभाराचे पद मिळाले, तर तिथेही एकाने उठून हरकत घेतली, की हे काम वकिलाचे आहे. अपमानित होऊन त्यांनी निवडणूकच अमान्य केली. त्यांच्यावर खटला चालवला गेला आणि १० मे १८९७ला त्यांना भाऊ प्रोकोपियोसह ठार करण्यात आले. काटिपुनान ज्यांनी उभी केली, त्यांना शिक्षणावरून हिणवले गेले, याचा मला आजही संताप येतो. रिसाल यांचा मान कमी न करताही माझे मन बोनिफासियो यांच्या बाजूला झुकते.

प्रश्न : तिथल्या स्त्रियांना मतदानाचा हक्क कधी मिळाला?

उत्तर : १९३७ साली, आणि तोही परीक्षा देऊन. १९३५च्या घटनेने अट घातली की दोन वर्षांत किमान तीन लाख स्त्रियांनी स्वतः मत देऊन ‘हो’ म्हटले तरच हक्क मिळेल. पुरुषांना कोणी असे विचारले नव्हते. होसेफा यानेस एस्कोदा आणि इतर कार्यकर्त्यांनी जोरदार प्रचार केला. ३० एप्रिल १९३७ला ४,४७,७२५ स्त्रियांनी होकार दिला.

प्रश्न : अमेरिकेने शाळा काढल्या, विधिमंडळ दिले, मुदत ठरवून स्वातंत्र्य दिले. इतर साम्राज्यांपेक्षा हे बरेच नव्हे का?

उत्तर : शाळा काढल्या, हे खरे. १९०१मध्ये ‘थॉमस’ जहाजातून सुमारे पाचशे अमेरिकी शिक्षक मनिलाला उतरले. पण तुम्ही फक्त १९०७चे तीन महिने बघा.

ऑगस्टमध्ये फिलिपिनो झेंडा फडकवण्यावर कायद्याने बंदी आली. ती १९१९पर्यंत राहिली. सप्टेंबरमध्ये माकारियो साकाय यांना फाशी झाली. आगिनाल्दो पकडले गेल्यानंतरही ते डोंगरात लढत होते. तुम्ही शस्त्र खाली ठेवले तरच विधानसभा मिळेल, असे त्यांना मध्यस्थामार्फत पटवले गेले. माफीच्या भरवशावर ते १९०६मध्ये खाली उतरले, मग एका मेजवानीत त्यांना पकडले आणि दरोडेखोर ठरवून खटला चालवला. आणि ऑक्टोबरमध्ये थाटात विधानसभा उघडली, अध्यक्षपदी सेर्हियो ओस्मेन्या. या सभेच्या वर अमेरिकेने नेमलेले कमिशन होतेच. मत फक्त पुरुषांना, तेही मालमत्ता, इंग्रजी किंवा स्पॅनिश साक्षरता किंवा पूर्वीची अधिकारपदे यांच्या आधारावर. म्हणजे जमीनदार आणि शिकलेले लोक आत, साकाय यांच्यामागे गेलेला शेतकरी बाहेर.

त्या सभागृहातल्या लोकांनी मिळेल त्या फटीतून पुढे रेटा लावला, हे मी आदराने सांगते. १९१६च्या जोन्स कायद्यात स्वातंत्र्याचे वचन आले, पण तारीख नव्हती. तारीख आली १९३४च्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्यात : दहा वर्षांचा संक्रमणकाळ आणि मग स्वातंत्र्य. यात अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचा मोठा हात होता. त्यांना फिलिपिन्सची साखर आणि खोबरेल तेल जकात न भरता येत होते, ते नको होते. तिकडच्या कामगार संघटनांना फिलिपिनो मजूर नको होते. याच कायद्याने फिलिपिनोंना अमेरिकेत स्थलांतराची मर्यादा वर्षाला पन्नास माणसे इतकी घातली!

१९४६च्या स्वातंत्र्याबरोबर बेल व्यापार कायदा आला. अमेरिकी नागरिकांना फिलिपिन्सच्या खाणी, जंगले आणि जमिनींवर फिलिपिनोंइतकाच हक्क द्या, अशी त्यात अट होती. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाला युद्धभरपाईची मोठी रक्कम हवी, तर ही अट मान्य करणे भाग होते. घटनादुरुस्तीला तीन चतुर्थांश मते लागत होती. विरोधात जाणाऱ्या निवडून आलेल्या काही सदस्यांना, त्यांत शेतकरी नेते लुईस तारुकही होते, सभागृहात बसूच दिले नाही आणि ठराव पार पडला. १९४७मध्ये लष्करी तळ अमेरिकेला ९९ वर्षांच्या कराराने दिले गेले. ती मुदत पुढे कमी झाली आणि १६ सप्टेंबर १९९१ला फिलिपिन्सच्या सिनेटने ११ विरुद्ध १२ मतांनी मुदतवाढ नाकारली. पुढच्या वर्षी सुबिक बेचे तळ रिकामे झाले.