स्कीमा आहे, पण तुमच्या युजरला दिसत नाही

प्रश्न : ताई, मी पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. डेटाबेस पोस्टग्रेस, आवृत्ती १४. प्रत्येक संस्थेचा स्वतंत्र स्कीमा, म्हणजे डेटाबेसच्या आतला टेबलांचा वेगळा कप्पा, असतो. नवी संस्था जोडताना आमची स्क्रिप्ट आधी इन्फर्मेशन_स्कीमा.स्कीमाटा मध्ये नाव शोधते आणि सापडलं नाही तरच स्कीमा बनवते. परवा एका संस्थेचं नाव शोधलं तर शून्य ओळी आल्या, आणि लगेच क्रिएट स्कीमा चालवलं तर एरर आला की या नावाचा स्कीमा आधीच आहे. माझ्या लॅपटॉपवर असं कधीच झालं नव्हतं. मागच्या वर्षी दोन संस्थांचं काम घाईत सर्व्हरवर बसून, पोस्टग्रेस युजरने हातानेच केलं होतं, त्याचा काही संबंध असेल का? स्कीमा आहे की नाही हे खात्रीने कसं तपासायचं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : संबंध आहे, आणि तुम्ही तो पत्रात लिहिलात म्हणून मला शोधाशोध करावी लागली नाही.

इन्फर्मेशन_स्कीमा.स्कीमाटा हा व्ह्यू, म्हणजे स्कीमांची तयार यादी, विचारणारा कोण आहे ते पाहून उत्तर देतो. तुमचा युजर ज्या स्कीमाचा मालक आहे, किंवा ज्यावर त्याला काहीतरी हक्क दिलेला आहे, तेवढेच स्कीमा त्यात येतात. मागच्या वर्षीचा तो स्कीमा पोस्टग्रेस युजरच्या मालकीचा. तुमच्या स्क्रिप्टच्या युजरला त्यावर कोणी हक्क दिलेच नाहीत, म्हणून शून्य ओळी. क्रिएट स्कीमा मात्र मूळ कॅटलॉग, म्हणजे पोस्टग्रेसची स्वतःची नोंदवही, पाहतं, तिथे नाव आहेच. लॅपटॉपवर तुम्ही सुपरयुजर (सगळे हक्क असलेला युजर) म्हणून बसता, त्याला सगळंच दिसतं. म्हणून ही चूक तिथे कधी पकडली जात नाही.

तेव्हा मूळ कॅटलॉगलाच विचारा. त्याचं नाव पीजी_नेमस्पेस, आणि त्यातल्या ओळी सगळ्या युजरना सारख्याच दिसतात. (इथे देवनागरीत लिहिते, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत.)

सिलेक्ट १ फ्रॉम पीजी_नेमस्पेस व्हेअर एनएसपीनेम = 'संस्थेचं_नाव';

आवृत्ती ९.५ पासून टू_रेगनेमस्पेस('नाव') हे फंक्शनही आहे. स्कीमा नसेल तर ते एरर न देता नल (रिकामं उत्तर) देतं. पण दोघांत एक फरक आहे. क्रिएट स्कीमाला अवतरणाशिवाय दिलेलं नाव पोस्टग्रेस लहान लिपीत करून ठेवतं. टू_रेगनेमस्पेसही तसंच करतं. एनएसपीनेम या नावाच्या कॉलमशी तुलना करताना मात्र अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. संस्थेचं नाव फॉर्ममधून येत असेल आणि कारकुनाने पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं असेल, तर पहिली क्वेरी 'नाही' म्हणेल आणि दुसरी 'आहे'. नाव आधीच लहान लिपीत करून घ्या, म्हणजे हा घोळ राहत नाही. आपण कोणत्या डेटाबेसला जोडलेलो आहोत तेही पाहत जा. पोस्टग्रेसमध्ये स्कीमा एका डेटाबेसच्या आत असतो, शेजारच्या डेटाबेसमधला इथे दिसणार नाही.

मी या तपासणीबद्दल इतकी आग्रही का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी पुण्यात एका संस्थेचं काम लावताना स्कीमा बरोबर नावाने बनवला, पण सर्च_पाथच्या (टेबलं कोणत्या स्कीमांत, कोणत्या क्रमाने पाहायची त्या यादीच्या) सेटिंगमध्ये नावातलं एक 'एन' सुटलं. सर्च_पाथमध्ये अस्तित्वातच नसलेलं नाव दिलं तरी पोस्टग्रेस एरर देत नाही. ते नाव सोडून पुढच्या नावाकडे जातं. पुढे पब्लिक हा आयता मिळणारा सामायिक स्कीमा होता. सगळी ४६ टेबलं पब्लिकमध्ये बनली, ॲप्लिकेशन व्यवस्थित चालू लागलं, ठेवीच्या पावत्या निघू लागल्या. बॅकअप मात्र आम्ही स्कीमाच्या नावाने घेत होतो. चौथ्या दिवशी सकाळी फाइलचा आकार पाहिला आणि पोटात गोळा आला. तीन रात्री रिकाम्या स्कीमाचा बॅकअप निघत होता. त्या तीन दिवसांत डिस्क गेली असती तर ठेवीदारांना काय दाखवलं असतं, हा विचार आजही सुटत नाही. टेबलं अल्टर टेबल सेट स्कीमाने हलवली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये सर्च_पाथच्या ओळीखाली सिलेक्ट करंट_स्कीमा() असतं, आणि अपेक्षित नाव आलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

तुम्हाला कोणी सांगेल की क्रिएट स्कीमा इफ नॉट एक्झिस्ट्स वापरा, तपासायची गरजच काय. ही सोय ९.३ पासून आहे आणि वापरावीच. पण तुमच्या बाबतीत तिने 'आधीच आहे, सोडून देतो' एवढी नोटीस दिली असती आणि पुढे पहिल्याच टेबलाला परमिशन डिनाइड आलं असतं. शिवाय दोन सेशननी (डेटाबेसशी स्वतंत्र जोडण्यांनी) एकाच क्षणी तोच स्कीमा बनवायला घेतला, तर इफ नॉट एक्झिस्ट्स असूनही एकाला डुप्लिकेट की चा एरर येऊ शकतो. तो एरर स्क्रिप्टमध्ये पकडा आणि पुन्हा एकदा तपासा. स्कीमा आहे हे कळल्यावर हॅज_स्कीमा_प्रिव्हिलेज या फंक्शनने युसेज (आतलं वापरण्याचा) आणि क्रिएट (आत नवं बनवण्याचा) हे दोन्ही हक्क पाहा. हा क्रम उलटा करू नका, कारण नसलेल्या स्कीमाचं नाव दिलं तर हे फंक्शन नल न देता एरर देतं.

आता त्या जुन्या दोन संस्थांचं. सुपरयुजरने अल्टर स्कीमा ओनर टू चालवून मालकी तुमच्या ॲप्लिकेशनच्या युजरकडे द्या. मात्र आतल्या टेबलांची मालकी त्याने बदलत नाही. रीअसाइन ओन्ड, म्हणजे एका युजरच्या मालकीचं सगळं एकदम दुसऱ्याला देणं, हा झटपट मार्गही इथे बंद आहे, कारण पोस्टग्रेस युजरच्या मालकीच्या वस्तू डेटाबेसलाच लागतात आणि तो नकार देतो. पीजी_टेबल्समधून त्या स्कीमातल्या टेबलांची नावं काढा आणि प्रत्येकासाठी अल्टर टेबल ओनर टू ची ओळ तयार करा. सिरियल कॉलमचे सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारे मोजणीदार) टेबलाबरोबर आपोआप जातील. व्ह्यू आणि फंक्शनं राहून जातात, ती वेगळी बदला. हे सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (म्हणजे सगळं होईल किंवा काहीच नाही), संस्थेचा दिवसाचा व्यवहार बंद झाल्यावर, आणि त्याआधी बॅकअप घेऊन. त्या बॅकअपच्या फाइलचा आकार बघायला विसरू नका.