आधी कागद, मग कॅमेरा: छोट्या निर्मात्यांची प्रश्नोत्तरे

नाशिकमधल्या छोट्या निर्मात्यांचे करार तपासणं हे माझं रोजचं काम. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा कानावर येतो, म्हणून निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देते.

चित्रपटाचं शीर्षक संघटनेकडे नोंदवलं. आता कॉपीराइट आमचाच ना? (सिडको)

नाही. शीर्षकनोंदणी ही निर्माता संघटनांची आपापसातली शिस्त आहे. कथेचा हक्क त्यातून मिळत नाही.

दोघं मित्र मिळून कंपनी काढतोय. तोंडी ठरलंय, निम्मं-निम्मं. पुरेसं आहे? (इंदिरानगर)

मुळीच नाही. फाळक्यांनी 1918 मध्ये याच नाशकात भागीदारांसह हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी काढली, आणि मतभेदांमुळे तीच सोडून ते काशीला गेले. भागीदारी असेल तर लेखी करार करा आणि फर्म नोंदवा. बिननोंदणीच्या फर्मला करारावरून बाहेरच्या माणसावर दावा लावता येत नाही. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बरी की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, हे पैसा कुणाचा आणि किती यावर ठरतं. सीएला विचारा.

मित्राने कथा दिलीये. 'बिनधास्त कर' असा त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आहे. पुढच्या महिन्यात शूटिंग. करार नंतर केला तर? (सातपूर)

शूटिंग पुढे ढकला, करार आधी करा. कॉपीराइट कायदा 1957, कलम 19: हक्कांचं हस्तांतर लेखी हवं, त्यावर देणाऱ्याची सही हवी. 'बिनधास्त कर' यातून फार तर परवानगी निघेल, मालकी निघत नाही. करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर तो परत जातो. पैसे उभे राहीपर्यंत कथा धरून बसणाऱ्यांनी हे नीट लक्षात घ्यावं.

इंटरनेटवरून उतरवलेले 'सर्व हक्क कायमचे, एकरकमी' छापाचे नमुने तर वापरूच नका. 2012 च्या दुरुस्तीनंतर सिनेमागृहाबाहेरच्या वापराच्या मानधनातला लेखकाचा आणि संगीतकाराचा वाटा निर्मात्याला असा लिहून घेता येत नाही.

माझ्याकडे एक चित्रपट आला होता, कलरिंग-मिक्सिंग सगळं झालेला. ओटीटीवाल्यांनी हक्कांचे कागद मागितले: कथा, पटकथा, संवाद, गीतं, संगीत, गायक, कलाकार, प्रत्येकाची सही. संवादलेखकाचा कागदच नव्हता आणि तोवर त्याचं दिग्दर्शकाशी बोलणं बंद झालेलं. पहिल्या दिवशी मैत्री असते तेव्हा जी सही चहाच्या टेबलावर मिळते, ती पोस्टर लागल्यावर लाखांत मागितली जाते. तुमचा मित्र आज खुश आहे, आजच वकिलाकडे जा. त्यालाही त्याचा वकील घेऊ द्या. त्यातच दोघांचं भलं आहे.

एक एजंट म्हणतो, पैसे द्या, सेन्सॉर आणि सरकारी अनुदान दोन्हीची हमी. द्यावेत का? (निफाड)

एक रुपयाही देऊ नका. सेन्सॉर प्रमाणपत्राचा अर्ज निर्माता स्वतः ऑनलाइन करतो. अनुदानासाठी समिती चित्रपट पाहून दर्जा ठरवते, मग हमी कोण देणार? तुमच्या चित्रपटात बैलगाडी आहे असं लिहिलंय. प्राणी असतील तर पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी लागते. एजंट ते बहुधा सांगणार नाही. प्रदर्शनाची तारीख जाहीर करण्याआधी प्रमाणपत्र हातात असू द्या.

ड्रोन 250 ग्रॅमच्या आतला असेल तर गोदाघाट, पांडवलेणी कुठेही उडवता येतो असं ऐकलंय. (गंगापूर रोड)

चुकीचं ऐकलंय. हलक्या ड्रोनला चालकाच्या परवान्यातून सूट आहे, प्रतिबंधित क्षेत्रातून नाही. ओझरचा विमानतळ, देवळालीचा लष्करी परिसर, नाशिकरोडचं नोट प्रेस हे सगळं आपल्या आसपासच आहे. 'डिजिटल स्काय' या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून जागा तपासा. पांडवलेणी संरक्षित स्मारक आहे, तिथल्या चित्रीकरणाला पुरातत्त्व सर्वेक्षणाची वेगळी परवानगी लागते. घाटासाठी महापालिका आणि पोलीस, दोघांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. 2027 च्या सिंहस्थात शूटिंग करायचं मनात असेल तर अर्जाची चौकशी आत्ताच सुरू करा.